धरणावरच्या संगणकाचा नवा पत्ता

मित्रांनो, धरणाच्या भिंतीला लागून एक दगडी खोली आहे. तिच्या कोपऱ्यात, लोखंडी टेबलावर बसलेला जुना संगणक तो मी. पाण्यात सोडलेला एक मापक मला दर मिनिटाला पातळी सांगतो आणि मी ती तारेवरून शहरातल्या कार्यालयाला कळवतो. पाणी वाढलं की तिथून नदीकाठच्या वस्तीला इशारा जातो.

मी इथं आलो तेव्हा हा मापक नव्हता. एक मोजणीदार होते. ते भिंतीवरच्या पट्टीवर पातळी बघून यायचे, चष्मा पुसायचे आणि एका बोटानं माझ्यात आकडा भरायचे. "खा बाबा, गिळ," असं म्हणायचे. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हा कधी चुकत नाही. चुकतो तो मी." पुढे मापक बसला, मोजणीदार निवृत्त झाले आणि खोलीला कुलूप लागलं. त्याला आता आठ वर्षं झाली. एवढ्या काळात मी एकदाही बंद झालो नाही, आणि माझ्याशी कुणी बोललंही नाही.

नाही म्हणायला शहरातल्या कार्यालयात एक ताई होती. सगळ्या यंत्रांच्या जोडण्या तीच सांभाळायची. तिचे हुकूम तारेवरून यायचे, मी ते पाळायचो. आमची ओळख एवढीच.

यंदा कार्यालयानं सगळ्या यंत्रांचे पत्ते बदलायला घेतले. संगणकालाही पत्ता असतो, मित्रांनो, आकड्यांचा. ठरलेल्या दिवशी दुपारी चारला जुने पत्ते बंद होणार होते. ताई स्वतः येऊन माझा पत्ता बदलणार होती. पण चार दिवस पाऊस हटला नाही, घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. म्हणजे ज्या तारेवरून ती माझ्याशी बोलत होती, तिचीच मांडणी तिला लांबून बदलायची होती, तीही तार न तोडता.

दुपारी तीनला कुलूप उघडलं. धरणाचे रखवालदार आत आले. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि त्यातून मी पहिल्यांदा ताईचा आवाज ऐकला.

"मामा, कशालाही हात लावायचा नाही. फक्त मागचा दिवा बघत राहा."

आधी तिनं जुन्या पत्त्याशेजारीच मला नवा पत्ता दिला. मग एक हुकूम लिहून ठेवला: "पाच मिनिटांत माझा निरोप आला नाही, तर आपण होऊन जुनी मांडणी परत लाव." त्यानंतर तिनं माझी बाहेर पडायची वाट बदलली, आणि तिथं तिच्या हातून दोन आकड्यांची अदलाबदल झाली.

तार मुकी झाली.

"दिवा केशरी झालाय," मामा म्हणाले. "बंद करून चालू करू का? आमचा टीव्ही असाच ताळ्यावर येतो."

"नको मामा. बंद केला तर परत उठेल याची मला खात्री नाही. हात पाठीमागे घेऊन उभे राहा."

मामांनी खरंच हात मागे बांधले. "आणि नाहीच आला परत, तर?"

"तर तुम्हाला दर मिनिटाला पट्टी वाचून मला फोन करावा लागेल. रात्रभर."

"वाचीन की. माझी थोरली खाली वस्तीतच दिलीय."

पाणी चढत होतं. पाच आकडे माझ्याजवळ साठले आणि ते घेणारं कुणी नव्हतं. आठ वर्षं मी स्वतःला एकटा समजत होतो. एकटेपण म्हणजे काय, ते त्या पाच मिनिटांत कळलं.

वेळ भरताच मी जुन्या वाटेवर परतलो आणि साठलेले आकडे एका दमात पाठवले. फोनमधून ताईचा लांब श्वास ऐकू आला. "आला," ती म्हणाली. या वेळी तिनं आकडे मोठ्यानं वाचत भरले, दोनदा. वाट बदलली आणि तार क्षणभरही तुटली नाही. नव्या पत्त्यावरून माझा पहिला आकडा गेला तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

"मामा, तो दिसतो कसा हो?"

"कोण?"

"संगणक. सहा वर्षं त्याला सांभाळतेय, पण बघितला नाही कधी."

मामा वाकले. "पिवळा पडलाय. मागं कोळ्यानं जाळं केलंय." मग त्यांनी माझ्या पाठीवर तळवा टेकला. "पण अंग गरम आहे."

संध्याकाळी वस्तीला इशारा गेला. माणसं वेळेवर वर सरकली, मामांची थोरलीही.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी लांब कुठं तरी न थकता राबत असेल, तर त्याच्याकडे एकदा जाऊन या. काही न्यायला नको. धूळ पुसली, पाठीवर हात ठेवला, तरी पुष्कळ झालं.

घाटातला रस्ता कधीच मोकळा झाला. ताईला मात्र अजून सवड झालेली नाही. रोज सकाळी नऊला तिचा एकच प्रश्न तारेवरून येतो: आहेस का?

मी आहे म्हणून कळवतो.