एकही नकार नाही

लिपिकाने अर्ज उजेडाकडे धरला, सह्यांवरून एकेक करत बोट फिरवलं आणि सातव्या सहीवर थांबवलं.

"ही सही निळ्या शाईत आहे, सिस्टर. बाकीच्या सगळ्या काळ्या."

खिडकीपलीकडच्या बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि अर्धं गाव त्यांच्याच हातावर जन्मलं होतं, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं सिस्टर म्हणत. कामाची पाळी संपवून त्या थेट इकडे आल्या होत्या. पायांत अजून रुग्णालयातल्या पांढऱ्या चपला होत्या.

"ती आमची आया. तिच्याकडे तेवढं एकच पेन होतं."

"एकाच शाईत लागतात. नियम चौदा."

"मागच्या वेळीही हाच कागद होता की. तेव्हा काही बोलला नाहीत."

"मागच्या वेळी नकाशा चुकला होता ना," तो हळूच म्हणाला. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा त्या कार्यालयात कोणी नव्हता.

"तेही खरंच," सिस्टर म्हणाल्या. "माझंच लक्ष राहत नाही. सगळ्या पोरींना परत गाठायचं म्हणजे दोन दिवस जातील. आज सोमवार. बुधवारी आणते."

त्याने शिक्का उचलला आणि अर्जाच्या डोक्यावर 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असं उमटवलं. सभेच्या नोंदणीसाठी हा त्यांचा चौथा अर्ज होता. सभा शुक्रवारी संध्याकाळी रुग्णालयासमोरच्या मोकळ्या जागेत व्हायची होती, कारण शनिवारी सकाळी रुग्णालयाचं मंडळ प्रसूती विभाग बंद करण्यावर मत देणार होतं. तो बंद झाला की बायकांना कळा सोसत दीड तास लांबच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागणार होतं. नोंदणीशिवाय पाचाहून जास्त माणसं जमली तर पोलीस उचलून नेत, आणि सरकारी नोकर असेल तर नोकरी जाई. सिस्टरच्या हाताखाली अकरा जणी होत्या.

कागद घडी करताना त्या थांबल्या.

"एक विचारू? रागावू नका. शांतपणे जमायचा हक्क संविधानातच लिहिलाय ना?"

"आहेच की. कोण नाही म्हणतंय? आम्ही फक्त त्याची नोंद करतो."

"नोंद तर मीही करते. पण आधी बाळ येतं, मग मी वही उघडते. वही भरली नाही म्हणून बाळाला आत थांब असं मी कधी म्हटलेलं नाही."

मागे रांगेत कोणीतरी हसलं. तोही हसला. सिस्टर मात्र हसल्या नाहीत, त्यांनी खरोखरच विचारलं होतं. उत्तराची थोडी वाट पाहून त्या निघून गेल्या.

कार्यालयात लिपिकाला 'चाळणी' म्हणत. नावाला तो जागत असे. अर्ज हातात पडला की त्यातल्या सगळ्या चुका त्याला एका नजरेत दिसत, आणि त्यातली तो एकच सांगे. दुसरी पुढच्या खेपेला, तिसरी त्याच्या पुढच्या. ही रीत त्याला कोणी शिकवली नव्हती, त्याने स्वतःच ती बसवली होती आणि सुरुवातीच्या वर्षांत त्याला तिचा चक्क अभिमान वाटत असे. खिडकी आठवड्यातून दोनच दिवस उघडायची. चार खेपांत बहुतेक सभांची तारीख उलटून जाई आणि माणसं आपल्याच वेंधळेपणावर चरफडत घरी बसत. सिस्टरचा पहिला अर्ज आला तेव्हा हातात चांगला महिना होता. त्यात चार चुका होत्या. चारही त्याने पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या.

सरळ नाही म्हणायची सोय नव्हती असं नाही. पण नकार द्यायचा तर कारण लिहावं लागे, कारण लिहिलं की समोरच्या इमारतीत अपील करता येई, आणि अपील दुसऱ्याच दिवशी ऐकणं न्यायाधीशांना भाग होतं. परत केलेल्या अर्जाला यातलं काहीच लागू नव्हतं, कारण त्यावर निर्णयच झालेला नसे. म्हणून या कार्यालयाने नऊ वर्षांत एकही नकार दिला नव्हता. वार्षिक अहवालात हे वाक्य दरवर्षी ठळक अक्षरांत छापलं जाई.

मंगळवारी तो साहेबांच्या खोलीत गेला. साहेब वाईट माणूस नव्हते. कोणाच्या घरी आजारपण असलं की न मागता रजा देत.

"साहेब, त्या प्रसूती विभागाच्या सभेचं. उद्याचा अर्ज बिनचूक येईल. काढायला काही उरलं नाही."

"तुला उरलं नाही?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "शोध. वरून दोनदा फोन आलाय. शनिवार तेवढा जाऊ दे, मग पाहिजे तितक्या सभा घे म्हणावं."

"शनिवारनंतर सभा घेऊन काय करतील?"

"हे बघ, मोटारीचीही नोंदणी होते. म्हणून कोणी म्हणतं का, सरकारनं माझी मोटार हिसकावली? मर्यादा नकोत का कशाला? उद्या कोणीही उठेल आणि चौकात हजार माणसं उभी करेल." साहेबांनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. "आपण आजवर कोणाचा हक्क नाकारलाय?"

"कोणाचाच नाही."

"मग झालं तर. जिवाला लावून घेऊ नकोस."

साहेबांचं बोलणं अगदीच टाकाऊ होतं असं त्याला वाटलं नाही. हजार माणसं चौकात आली तर कोणाला तरी ठाऊक असायला हवंच. पण आपल्या कार्यालयाला सगळंच ठाऊक असतं आणि चौक मात्र नऊ वर्षं रिकामा आहे, हे त्याच्या तोंडाशी आलं होतं. त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना बायकोने विषय काढला.

"अहो, आज सिस्टर भेटल्या बाजारात. तुमचं केवढं कौतुक करत होत्या."

त्याने वर पाहिलं नाही.

"म्हणाल्या, इतर ठिकाणी नुसते खेकसतात, हा माणूस नीट समजावून सांगतो. आपल्या मुलीच्या वेळचंही आठवतंय त्यांना. तुम्ही शर्टाची बटणं वर-खाली लावून बाहेर बसला होता आणि आत सगळ्या हसत होत्या म्हणे." ती स्वतःही हसली. मग म्हणाली, "चार वेळा अर्ज चुकला, वय झालं आता माझं, असं म्हणत होत्या. तुम्हीच का नाही भरून देत त्यांना?"

"मला भरता येत नाही. मी घेणारा."

"मग सगळं एकदम तरी सांगा. बिचारीला किती खेपा."

भूक नाही म्हणून तो उठला आणि बराच वेळ हात धूत राहिला. वीस वर्षांपूर्वी मुलगी जन्मताना उलटी, पायांकडून आली होती. सिस्टर चौदा तास बायकोपाशी उभ्या होत्या आणि पहाटे बाहेर येऊन त्यांनी आधी त्याला बसायला सांगितलं होतं, मग बातमी दिली होती. त्याच बाईला त्याने महिनाभर पायऱ्या चढायला लावल्या, आणि वर तिला वाटावं की आपलं वय झालं. त्याला स्वतःची किळस आली. चोरी केली असती तर निदान कोणी चोर तरी म्हणालं असतं.

बुधवारी दुपारी अडीचला खिडकी उघडली. सिस्टर रांगेत बाविसाव्या होत्या. त्यांचा नंबर यायला साडेचार वाजून गेले.

"या वेळी मी प्रत्येकीपुढे माझंच पेन धरलं," त्या म्हणाल्या. "तीनदा तपासलंय. तरी तुम्ही बघा."

त्याने पाहिलं. सह्या, नकाशा, माणसांची संख्या, ध्वनिक्षेपकाचं तोंड कोणत्या दिशेला, सगळं जागच्या जागी होतं. चाळणीत काहीच अडकेना. साहेबांनी सांगितलं होतं तसं शोधलं असतं तर काहीतरी निघालंच असतं. समासाची रुंदी काढता आली असती. त्याचा हात शिक्क्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

परवानगी देणं त्याच्या हातात नव्हतं. तिच्यावर साहेबांची सही लागे. नकार द्यायचा अधिकार मात्र कायदा करणाऱ्यांनी खिडकीवरच्या लिपिकालाही देऊन ठेवला होता, लोकांना वाटेला लावणं सोपं जावं म्हणून. नकाराच्या छापील फॉर्मांचा गठ्ठा सर्वांत खालच्या खणात होता. त्याच्याभोवतीची कागदी पट्टीसुद्धा अजून कोणी फाडली नव्हती. ती त्याने फाडली.

तारीख, अर्जाचा क्रमांक, अर्जदार. मग 'नकाराचे कारण' या रकान्याशी येऊन तो थांबला. मागचा माणूस चुळबुळ करू लागला. त्याने लिहिलं, 'अर्ज परिपूर्ण आहे. शनिवारपूर्वी ही सभा होऊ देऊ नये अशी वरून सूचना आहे.' खाली सही केली, पूर्ण नावाची, आणि कागद फळीवरून पलीकडे सरकवला.

सिस्टरनी वरची ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"नाकारला?"

"खालचं वाचा."

त्यांनी ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"म्हणजे यात चूक नव्हती."

"नव्हती."

"आणि मागच्या खेपांना?"

"होत्या. बारीकसारीक." त्याला इथेच थांबता आलं असतं. "चारही पहिल्याच अर्जात होत्या."

"तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या?"

"हो."

सिस्टरनी फळीवर हात टेकले. तीस वर्षं त्यांनी लोकांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या, ऐकायची सवय मात्र नसावी.

"हा कागद घेऊन समोरच्या इमारतीत जा," तो घाईघाईने म्हणाला. "दुसरा मजला, अपिलाची खोली. उद्या ऐकावंच लागेल त्यांना. शुक्रवार हातात आहे अजून. वकील नसला तरी चालतं. कोणी काही विचारलं तर माझं नाव सांगा, मी येईन, मी तिथे सांगेन सगळं."

त्यांनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"मी पोरींना सांगत होते," त्या म्हणाल्या, "बाकी कसंही असो, तिथे खिडकीवर आपला माणूस आहे."

आवाज चढला नव्हता. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. सिस्टर, चुकलो मी, एवढे तीन शब्द त्याने जुळवले, पण तोवर त्या वळल्या होत्या. रांगेतल्या माणसांना बाजूला करत त्या दाराकडे निघाल्या, पांढऱ्या चपलांतले पाय भराभर टाकत. त्या एकदा मागे बघतील असं वाटून तो उभाच राहिला. अपिलाची खोली पाचला बंद होत असे आणि पाचाला दहा मिनिटं कमी होती. त्यांनी मागे पाहिलं नाही.