मी, तो नवा टेनर आणि पाठवणीची चाल

मित्रांनो, सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मी भोंगा नाही, चिलीम नाही आणि वाकडी तुतारी तर अजिबातच नाही. मी टेनर सॅक्सोफोन आहे. जुना आहे, पितळेचा आहे, मानेशी उसवलेला आहे आणि नागपुरात हुडकेश्वरला एका दोन खोल्यांच्या घरात राहतो. आयुष्यभर लोकांनी मला वाट्टेल ती नावं ठेवली. आता म्हातारपणी तरी मला माझ्या नावानं ओळखा, एवढंच म्हणणं आहे.

माझा जन्म मेरठच्या एका गल्लीतला. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझं तोंड रुंद केलं, अंगाला भोकं पाडली आणि प्रत्येक भोकावर चामड्याची गादी लावलेलं झाकण बसवलं. वरच्या टोकाला वेताची पातळ पत्ती. माणसाची फुंकर आली की ती पत्ती थरथरते, बोटांनी झाकणांची उघडझाप केली की सूर बदलतो. माझं गुपित एवढंच आहे. पण फुंकर मात्र माणसाचीच लागते, आणि माझं सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं.

नागपूरच्या दुकानात आम्ही दोन टेनर शेजारी शेजारी टांगलेले होतो. दुसरा माझ्याहून चकचकीत. देवाजी मेश्राम नावाचा एक सडपातळ तरुण आला आणि त्यानं दोघांनाही वाजवून पाहिलं. दुसऱ्याचा वरचा सूर गोड होता, पण तळाच्या सुराला तो खोकायला लागला. माझा तळाचा सूर निघाला तेव्हा देवाजीनं डोळे मिटले. दुकानदार म्हणाला, "अरे, तो दुसरा घे, चमक पाहा त्याची."

"चमक काय चाटू का?" देवाजी म्हणाला आणि मला काखेत मारून घेऊन गेला. त्या दिवशी मला जो माज चढला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

मग काय सांगू मित्रांनो! लाल कोट, सोनेरी झालर आणि नवरदेवाच्या घोड्यासमोर आम्ही. जयंतीच्या मिरवणुकीत एप्रिलचं ऊन असं तापायचं की माझ्या अंगाला हात लागत नसे. उन्हानं माझा सूर चढायचा, क्लॅरिनेटवाला माझ्याकडे डोळे वटारायचा आणि देवाजी माझ्यावर ओला दुपट्टा टाकायचा. लग्नाच्या शेवटी मात्र सगळा बँड थांबे. नवरी सासरी निघाली की देवाजी एकटा पुढे येई आणि पाठवणीची चाल धरी. ही चाल त्याची स्वतःची. ना कुठे लिहिलेली, ना कोणाकडून शिकलेली. तिच्या मध्यात एक असा उतार होता की हसत खिदळत उभी असलेली करवली सुद्धा पदर डोळ्याला लावायची.

काटोलला एका वरातीच्या ऐन वेळी माझ्या डाव्या करंगळीच्या चावीची, म्हणजे झाकण हलवणाऱ्या पट्टीची, स्प्रिंग तुटली. देवाजीनं घरून निघताना खिशाला टोचून आणलेली सुई काढली. त्याच्या बायकोची, कौसल्याबाईची, ब्लाऊजला हूक लावायची सुई. ती तोडून त्यानं स्प्रिंगच्या जागी अडकवली. तेव्हापासून ती चावी दाबली की 'टिच' असा आवाज येतो. मी वाजतो आणि मध्येच 'टिच' करतो. वरातीत कोणाला ऐकू जातंय!

कौसल्याबाई मला सवत म्हणायची. "घ्या, झाली सवतीची आंघोळ?" देवाजी मला पुसत बसला की ती विचारी. पण एकदा तिनं स्वतःच मला आंघोळ घातली बरं का. धम्मचक्र दिन जवळ आला होता, गावाकडून पाहुणे यायचे होते, आणि घरातली सगळी पितळी भांडी घासून झाल्यावर तिची नजर माझ्यावर गेली. पितळच ते! चिंच लावली, राख लावली, नळाखाली धरलं आणि घागरीसारखं लखलखीत करून ओट्यावर पालथं घातलं. माझ्या अंगावरचं पॉलिश गेलं, आतल्या चामड्याच्या गाद्या पाणी पिऊन फुगल्या. देवाजी घरी आला आणि डोक्याला हात लावून मटकन खाली बसला.

"काहून वं, ह्याच्यात पाणी पेतेत का?" तो कसाबसा म्हणाला.

"मले वाटलं, पाहुण्यांसमोर चमकला पायजे तुमचा बाजा," कौसल्याबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. मग देवाजी तिची समजूत काढत बसला, आणि मी पालथाच राहिलो. पुढे त्यानं एकेक गादी सोडवून सुकवली, पण त्या पूर्वीसारख्या कधीच बसल्या नाहीत. तरी त्या आंघोळीचा मला राग नाही. माझ्या अंगावर इतक्या मायेनं दुसऱ्या कोणी हात फिरवला नाही.

मग डीजे आला. घोड्यासमोर भिंतीएवढी खोकी चालायला लागली आणि बँडवाले एकेक करून घरी बसले. त्यात देवाजीला दमा लागला. दहा पावलं चालला तरी छाती भात्यासारखी वाजे. एके दिवशी त्यानं मला तोंडाला लावलं, फुंकर घातली, आणि सूर येण्याआधी त्याला उबळ आली. त्यानं मला पेटीत ठेवलं, पेटी लोखंडी कपाटावर चढवली आणि वर गोधड्या रचल्या.

मित्रांनो, एकटेपणा म्हणजे काय, ते मला विचारा. खाली घर चालू असायचं. कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, देवाजीचा खोकला. त्याचा प्रत्येक श्वास मी ओळखायचो, कारण तोच श्वास कधी काळी माझ्यातून जायचा. आता तो माझ्या खालून जात होता. कपाट उघडलं की पेटी जराशी हले आणि मला वाटे, आली वेळ! पण कोणाला तरी स्वेटर हवा असायचा. माझ्या गाद्या कसरीनं खाल्ल्या, अंगावर हिरवट डाग चढले, मानेजवळचा जोड सुटला. रडावं तरी कसं? मला रडायलाही दुसऱ्याची फुंकर लागते.

देवाजीची मुलगी भावना लहानपणी मला गळ्यात अडकवून वाजवायची. बँडमध्ये पोरींना कोण घेतो! म्हणून ते घरातच राहिलं. आता ती मौद्याला नोकरी करते, बसनं जाते-येते, आणि यंदा विहारातल्या जयंतीच्या कार्यक्रमात वाजवायचं तिनं मनावर घेतलं. एक दिवस घरात भलंमोठं खोकं आलं. आत नवा टेनर!

"अवो, पाहा," कौसल्याबाई म्हणाली, "एका सवतीवर दुसरी सवत आली!"

भावनानं मलाही खाली उतरवलं आणि दिवाणावर त्याच्या शेजारी ठेवलं. मी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खोड काढायचीच असं ठरवून न्याहाळलं म्हणा ना! पत्रा माझ्यापेक्षा पातळ, अंगठ्याखाली प्लॅस्टिकचा तुकडा, वजन हलकं. पण खरं ते सांगायला पाहिजे. त्याची झाकणं लोण्यासारखी हलत होती, एकही खडखडत नव्हतं. मधलं प्रत्येक भोक गच्च बंद होत होतं. माझी तळाची चावी दाबायला पैलवान लागतो, त्याची बोट टेकलं की बसते. मला हेवा वाटला. खूप वाटला.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली मिनल आली. तिनं जवळच नवीन कॅफे काढला होता. मुलगी गुणाची, बोलायला गोड. "काका, तुमचा जुना सॅक्सोफोन मी भिंतीवर लावते. आत पिवळा बल्ब बसवला की किती सुंदर दिसेल!"

"घेऊन जाय," देवाजी म्हणाला. "पेटी पाहिली की माह्या छातीत कळ येते. रविवारी ये."

बल्ब! माझ्या घशात बल्ब! पण मला तोंड असून बोलता येत नाही.

रविवारी सकाळी भावना म्हणाली, "बाबा, तो जायच्या आधी मले पाठवणीची चाल शिकवा. विहारात मले तेच वाजवायचं आहे. सुरुवात येते मले, शेवट येतो. मधला उतार काही केल्या येत नाही."

"मले कुठं सांगता येते बाई? मले काय सारेगम येते का? दम असता तर वाजवून दाखवलं असतं," देवाजी म्हणाला.

"बरं, मंग आधी एक गंमत करू. तुमी तिकडं तोंड करून बसा. मी दोन्ही वाजवते. तुमचा कोणता, ते सांगा."

देवाजी भिंतीकडे तोंड करून बसला. भावनानं माझ्या गळक्या झाकणांना रबर लावलं, मानेला टेप गुंडाळली, नवी पत्ती बसवली. इतक्या वर्षांनी माझ्यात श्वास आला! गरम, ओला, जिवंत श्वास. मी जीव तोडून वाजलो. चालीची सुरुवात निघाली, पण वारा बाजूनं सुटत होता, तळाचा सूर फाटला, आणि मध्येच 'टिच'. मग तिनं तीच ओळ नव्यावर वाजवली. सूर भरीव, गोल, थेट दाराबाहेर गेला.

देवाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "हा," तो म्हणाला. "हा माहा. पहिला नवा व्हय, पातळ वाजून राहिला. हा दुसरा माहा."

मित्रांनो, त्या क्षणी मला कपाटावरच्या गोधड्यांखाली परत जावंसं वाटलं. त्यानं मला ओळखलं नाही. त्याच्या कानात मी अजून तरुण होतो, दुकानात त्यानं डोळे मिटले होते तसाच. आणि तो आवाज आता दुसऱ्याकडे होता.

स्वयंपाकघरातून कौसल्याबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "काय सांगून राहिले तुमी? पहिला तुमचा व्हय. माही सुई वाजली ना त्याच्यात, टिच करून. झोपेत ओळखीन मी तो आवाज."

देवाजी वळला. माझ्याकडे पाहिलं, मग नव्याकडे. त्याचा चेहरा पडला. "इतका म्हातारा झाला का गा हा?" तो हळूच म्हणाला. भावनानं नवा टेनर त्याच्या मांडीवर दिला. "बाबा, फुंकू नका. नुसती बोटं दाखवा."

त्यानं बोटं ठेवली. ती दोन सुरांपर्यंत गेली आणि अडखळली. नव्याच्या करंगळीच्या चाव्या जरा वेगळ्या जागी, झाकणं जरा जास्त जवळ. पुन्हा धरलं, पुन्हा चुकलं. "नाही येत वं पोरी. विसरलो मी," तो म्हणाला आणि त्याचा आवाज असा कापला की कौसल्याबाईनं दाराची चौकट धरली. ती चाल त्या घरातून चालली होती, ते सगळ्यांना कळलं.

मग त्यानं नवा बाजूला ठेवला आणि मला उचललं. नुसतंच. जाताना माणूस एखाद्याला जवळ घेतो तसं. त्याचा अंगठा माझ्या मागच्या झिजलेल्या खाचेत बसला. ती खाच त्याच्याच अंगठ्यानं पाडलेली आहे, मित्रांनो. आणि बोटं आपोआप हलायला लागली. टप, टप टप, टिच, टप. फुंकर नाही, सूर नाही, नुसती झाकणं. पण उतार आला! सगळा आला, करंगळीच्या दोन दाबांसकट. त्याचे ओठ विसरले होते, कान विसरले होते, पण बोटांना माझ्या अंगावर सगळं पाठ होतं.

"थांबा, थांबा! पुन्हा एकदा," भावना ओरडली. तिनं नवा टेनर गळ्यात अडकवला. तो माझ्यावर बोटं चालवी, ती पाहून नव्यावर वाजवी. दुपार झाली तेव्हा पूर्ण चाल घरात वाजत होती. ताटं वाढून बसलेली कौसल्याबाई कोणाला जेवायला हाक मारेना.

दारात मिनल केव्हा येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "काका, नेऊ ना?" तिनं विचारलं.

देवाजीनं मला मांडीवर घट्ट धरलं. "नाही वं बाई. तो अजून कामावर हाय. रिटायर नाही झाला."

तेव्हापासून मी कपाटावर चढलो नाही. जयंतीला विहारात नवाच वाजला, मी घरी दिवाणावर होतो. टाळ्या त्याला मिळाल्या, आणि त्या त्याच्याच होत्या. माझा आवाज गेलाय, तो परत यायचा नाही. रात्रंदिवस मनात सलतं ते. पण संध्याकाळी भावना मौद्याहून आली की देवाजी मला मांडीवर घेतो आणि कुठल्या तरी जुन्या वरातीची चाल बोटांनी काढून देतो. परवा त्यानं हळूच मला तोंडाला लावलं आणि जमेल तेवढी फुंकर घातली. सूर निघाला नाही. त्याचा तो ओळखीचा श्वास माझ्या मानेतून आला, थोडा बाजूनं सुटला, थोडा तोंडातून बाहेर गेला. आम्हा दोघांचाही दम तेवढाच उरलाय.

म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर माझ्यासारखं कोणी पडलं असेल, तर त्याला खाली घ्या. धूळ पुसा, चिंच तेवढी लावू नका. त्याच्यात बल्ब बसवायच्या आधी, ज्याचं ते होतं त्याच्या हातात एकदा देऊन पाहा. त्याची बोटं अजून तिथंच असतील.