फक्की मारलेली पायवाट

मित्रांनो, मी मुठा खोऱ्यातली एक जुनी पायवाट आहे. आहे म्हणते खरी, पण तुम्ही शोधायला आलात तर सापडणार नाही, आणि तो दोष तुमच्या डोळ्यांचा नाही.

मला कुणी बांधलं नाही. नदीच्या काठाकाठाने माणसं, गुरं चालत राहिली, गवत दबलं आणि मी झाले. पावसाळ्यात मी गवताखाली बुडायचे, दसऱ्याच्या सुमारास पायांनीच पुन्हा मोकळी व्हायचे. एवढंच माझं दाणापाणी.

सगळ्यांत जास्त चालायची ती सगुणाबाई. तिची लेक कल्पना वळणापलीकडच्या वाडीत दिली होती. सडकेने जायचं तर दोन एसट्या बदला, फाट्यावर ताटकळत बसा. माझ्यावरून गेली की फडक्यातली भाकरी अजून गरम असायची. तोंडाचा पट्टा सारखा चालू, आणि ऐकायला कोण, तर मी! सुनेच्या चहाड्या मला सगळ्या पाठ होत्या.

पुढे दोन हजार तीन-चारच्या सुमारास रविवारी बूट घातलेली मंडळी येऊ लागली. हिंजवडीत नोकरी करणारी ऋतिका तर म्हणायची, अशी वाट कुठेच नाही. मी जाम खूश! मग कचेरीतली माणसं आली. नदीकाठाने फिरायला रुंद वाट करायची, झाडं लावायची, बाकडी ठेवायची असं ठरलं होतं म्हणे. त्यांनी माझ्या अंगावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि ती निघून गेली. मला वाटलं, आता माझं सोनं होणार.

तिथेच घात झाला. आमच्याकडे मोजणीची खूण बोटभर हलली तरी सख्खे भाऊ कोर्टात जातात. माझ्यालगत जयसिंगचं शेत. त्याने सगळ्यांना बजावलं, "खुंटीला पाय लागला तर उद्या आमच्या नावानं बोंब व्हईल. काम व्हईस्तवर हितनं कुणी जाऊ नगा." त्याच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं. सगुणाबाईनेही ऐकलं. महिन्या-दोन महिन्यांचा तर सवाल आहे, मग लेकीकडे ऐटीत जाईन, असं मलाच सांगून गेली.

माणसं लांबून वळसा घालू लागली. गुरंही वळवली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. घाणेरीची झुडपं माजली, खुंट्या कुजल्या. शेवटी दुसरेच साहेब पाहणीला आले. घाणेरीत काठी खुपसून म्हणाले, "इथे वाट कुठे आहे? इथून कोणीच जात नाही."

झालं! नवी वाट रद्द झाली आणि जुनी कुठल्या कागदावर नव्हतीच. जयसिंगने शेत बंगल्यांसाठी विकलं. तारेचं कुंपण थेट पाण्यापर्यंत गेलं. आता माझ्यावर विकतची हिरवळ आहे, आणि तिच्यात पाटी रोवली आहे, 'हिरवळीवर चालू नये'.

गेल्या वर्षी सगुणाबाई कुंपणापाशी आली. गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत नाही. कल्पनाची वाडी समोर दिसत होती. तार धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, तवा तुज्यावरनं चालले असते तर बरं झालं असतं गं."

मित्रांनो, तुमच्या गावात अशी एखादी वाट असेल तर तिला राखून ठेवू नका. तिच्यावरून चाला. सगुणाबाई फडक्यातली भाकरी तशीच घेऊन घरी गेली.