घोंगडीखालची सवारी

शिवशंकरप्पांच्या काळ्या अँबॅसिडरभोवती सकाळी आठलाच अर्धं कमलनगर जमलं होतं. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, शेजारी वाघाच्या छापाच्या सतरंजीवर स्वामी. आणि ओट्यावर माझ्या अक्काची भरलेली बॅग.

अक्का म्हणजे विजयश्री, या घरची सून. सासरे शिवशंकरप्पा पौषात वारले. त्यानंतर ती बसली की गाडी मुकी व्हायची. ती उतरली, स्वामींनी मंत्र म्हटला, की पहिल्या फटक्याला सुरू. दोनदा गावानं पाहिलं होतं. आज तिसरी आणि शेवटची परीक्षा. गाडी अडली, तर अक्का कोहिनूरला, माहेरच्या गावी, कायमची.

"आत्मा असतो ऋणभाराचा," स्वामी सांगत होते, "आणि सूनबाईचे ग्रह धनभाराचे. दोन्ही भिडले की करंट उलटा वाहतो. शास्त्र आहे हे!"

मी त्याच वर्षी, २००४ साली, बीदरहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. हे शास्त्र नेमकं कोणत्या पेपराला होतं, काही केल्या आठवेना.

"दुसरा काही मार्ग?" धनराज दाजींनी विचारलं.

"रथ मठाला अर्पण करा."

"धन्याची गाडी दारातून हलायची न्हाई," अक्काच्या सासूबाई, नागूबाई, कडाडल्या. "सून जाईल."

अक्का मागच्या सीटवर बसली. ड्रायव्हर तिप्पण्णानं सीटवरूनच खाली वाकून पायाशी गाडीला हात टेकवला, कपाळाला लावला आणि चावी फिरवली. काही नाही. हॉर्न नाही, दिवा नाही.

अक्का उतरली. मंत्र झाला. तिप्पण्णा पुन्हा वाकला. गाडी धडधडून सुरू झाली, दिवे लख्ख!

"बघितलासा?" लोक हात जोडायला लागले. दाजींनी मान खाली घालून बॅग उचलली.

माझं डोकं मात्र चालू होतं. बॅटरी संपत आली की आधी कण्हते. दिवे पिवळे पडतात, स्टार्टर कुरकुरतो. ही गाडी कण्हत नव्हती. कुणीतरी तिचं तोंड दाबावं तशी गप्प होत होती. आणि दुसरं म्हणजे, गाडीच्या पाया पडणं आमच्याकडे इतकं रोजचं की तिकडं कुणी बघत नाही. मी बघितलं, कारण तिप्पण्णा डाव्या हातानं पाया पडत होता. देवाला डावा हात कोण लावतं?

"स्वामी," मी पुढे झाले, "आत्मा डोळ्यांनी बघतो का?"

"खुळे पोरी, आत्म्याला डोळे कशाला? तो आतून ओळखतो."

"मग अक्का घोंगडी पांघरून बसली तरी ओळखेल?"

स्वामींनी तिप्पण्णाकडे पाहिलं. तोवर गर्दीतूनच उत्तर आलं, "व्हय की! वळखंल न्हाई तर काय!"

अक्का आणि नागूबाईंना मी घरात नेलं. "मावशी, तुम्हीबी बसा. अप्पा तुम्हाला न्हाई ओळखणार?"

"माझा धनी मला घोंगडीत कामून न्हाई वळखायचा?" त्या फणकारल्या. "पण चपला कामून बदलायलीस गं?"

"चपलेवरून कळलं तर ती परीक्षा कसली?"

पहिली घोंगडी बाहेर आली. खाली नागूबाईंच्या झिजलेल्या चपला. तिप्पण्णाची नजर तिथंच गेली. तो वाकला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

गाडी बंद करून पहिली घोंगडी उतरवली, दुसरी आली. खाली अक्काच्या लाल चपला. तिप्पण्णा वाकला. चावी फिरली. गाडी मुकी.

"सून आली! आत्मा खवळला!" स्वामी गरजले.

घोंगडी बाजूला झाली. आत नागूबाई बसल्या होत्या.

"मला? मला अडवतोय धनी?" त्यांनी पायातल्या लाल चपलांकडे बघितलं. मग पुढच्या सीटकडे. "तिप्पण्णा. खाली उतर."

मी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली. सीटच्या डाव्या बाजूला लाल मुठीची चावी लावलेलं एक बटण होतं. त्यात दोन जाड वायरी शिरल्या होत्या. बॅटरीतून गाडीच्या पत्र्याला जाणारी वायर मधेच तोडून हे बटण बसवलं होतं. चावी पाव फेरा फिरवली की सगळी वीज तुटते. वस्तू वाईट नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांना ती मुद्दाम बसवतात, म्हणजे बॅटरी उतरत नाही, जुन्या वायरींना आग लागत नाही.

"हैदराबादला दुरुस्तीला नेलती, तितंच बसवली," तिप्पण्णा पुटपुटला. "तिथला जुन्या गाड्यांचा एक शौकीन ही गाडी मागायलाय. स्वामी म्हणले, मठात आली की त्याला विकू."

सतरंजी रिकामी होती. गर्दीतली पोरं स्वामींच्या मागं धावली होती.

नागूबाईंनी दाजींच्या हातातून बॅग घेतली. "चल गं आत."

अक्का हलली नाही, सासूबाईंना म्हणाली, "तीनदा बसले मी या गाडीत, अत्ती. एकदा तरी कुणी म्हणायचं होतं, की गाडी तपासा."

तिनं वाकून ती लाल चावी उपसली, कमरेला खोचली, म्हणजे आता तिच्याशिवाय गाडी सुरूच होणार नव्हती, आणि मग स्वतःच्या लाल चपला घालून घरात गेली.

चमत्कार तपासायला पदवी लागत नाही. दाखवणाऱ्याला उत्तर आधीच कळणार नाही, एवढीच सोय करायची. माणसाला घराबाहेर काढण्याआधी तेवढं तरी करा. त्याला घोंगडी पुरते, आणि ती आपल्या प्रत्येक घरात आहे.