खिडकीतली खुर्मी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्यापाशी एका मांजरीचे शेकडो फोटो आहेत आणि त्यांतल्या एकाही फोटोत तिला नाक नाही. हसू नका. तिला नाक होते. अर्धे गुलाबी, अर्धे तपकिरी, कोणी रंगवता रंगवता मध्येच जेवायला उठून गेल्यासारखे. मी ते रोज पाहिले आहे.

माझा जन्म दूर देशातल्या कारखान्यात झाला. रायपूरच्या एका दुकानात काचेआड मी बरेच दिवस पडून होतो. नीलेशला नोकरी लागली तेव्हा त्याने मला घेतले आणि गळ्यात अडकवून चौबे कॉलोनीतल्या घरी आणले. घरात माणसे दोनच, नीलेश आणि त्याला लहानाचे मोठे करणाऱ्या सरोजिनी आत्या. आत्यांचे आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. आत्या अजून मराठी बोलत. नीलेशला सारे समजे, पण उत्तर तो हिंदीत देई.

एके दिवशी आत्यांनी नळाजवळ भिजलेले एक पिल्लू पदरात घालून आणले. तीजेच्या सणाला इकडे घरोघरी गुळाची तपकिरी खुर्मी तळतात ना, अगदी त्या रंगाचे. म्हणून तिचे नाव खुर्मी. आत्या दिवसभर तिच्याशी मराठीत बोलत, आणि खुर्मी मराठीतच म्याव करते अशी त्यांची खात्री होती. घरात त्यांना मराठीत ओ देणारी तीच एकटी.

आमच्या बैठकीची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी ऊन आत आले की खुर्मी तिथे जाऊन बसे. मागून ऊन पडले की तिच्या कानांच्या केसांना, मिशांना सोनेरी कड येई. ते पाहून नीलेश खुळावला. रोज ऑफिसला निघण्याआधी तो मला घेऊन तिच्यासमोर गुडघे टेकून बसू लागला.

आता माझा स्वभाव सांगतो. समोर लख्ख उजेड आला की माझा डोळा बारीक होतो. तुमचाही होतो. मग खिडकी छान येते आणि खिडकीत बसलेला काळाठिक्कर पडतो. यावर उपाय आहेत. पडदा ओढावा, नाहीतर बसणाऱ्याचे तोंड उजेडाकडे करावे. माझ्या पाठीवर अधिक-उण्याच्या खुणेचे एक बटण आहे, ते अधिककडे दाबले तरी चेहरा उजळतो. नीलेशने ते बटण कधी दाबले नाही. त्याला काळेच हवे होते. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. आमच्याकडे मांजरीचे डोळे टक्क उघडे असत, मिटलेले माझे असत.

कौतुक मात्र फार झाले. गावातल्या हौशी मंडळींनी प्रदर्शन भरवले, त्यात खुर्मीच्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. मीही थोडा फुगलो, खोटे कशाला बोलू? आत्या तेवढ्या खूश नव्हत्या.

"निल्या, तिचं तोंड दिसू दे ना बाप्पा. काहून सगळं काळंच काढून राहिला?"

"आत्या, यही तो आर्ट है."

"मले तुझं आर्ट नाही पाह्यजे. माह्या मांडीवर घेते, एक साधा काढ."

त्याने काढला. आत्या खिडकीकडे तोंड करून बसल्या, खुर्मीने जांभई दिली, आणि नाकासकट, मिशांसकट सारे लख्ख उमटले. माझ्या पोटातला तो सर्वांत खरा फोटो होता. रात्री नीलेशने तो पाहिला, "एकदम साधा है" असे पुटपुटला आणि पुसून टाकला. त्याच्या बोटाखालचे बटणही माझेच, पण त्याला अडवणे माझ्या हातात नव्हते. मला हातच नाहीत.

दिवाळीआधी रंगकामाला माणसे आली. त्यांनी खिडकीची जाळी काढली. संध्याकाळी जाळी पुन्हा बसली, पण खुर्मी आत नव्हती.

आत्यांनी ताटलीत दूध ओतले आणि दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही उभ्याच होत्या. हरवल्याचा कागद लावायचा म्हणून नीलेशने फोटो शोधायला घेतले. मोबाइलमध्येही खिडकीच, काळी खुर्मीच. संगणकावर उजेड वाढवून पाहिला, तर काळ्याचे करडे झाले, बाकी काही निघाले नाही. शेवटी त्याने बक्षिसाचाच फोटो छापला आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले, रंग भुरा, म्हणजे तपकिरी. आत्यांनी तो कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे तर कोणाचीबी मांजर असन रे."

लोक फोटो पाहतात, अक्षरे वाचत नाहीत. फोन येऊ लागले, "भैया, आपकी काली बिल्ली मिल गई." टोपल्यांतून, पिशव्यांतून काळी मांजरे दारात आली. आत्या प्रत्येकीला दूध पाजून परत पाठवत. मला सारे ठाऊक होते. मी टेबलावर पडून होतो.

आठवड्याने नीलेश पुन्हा सदर बाजारात कागद लावायला गेला. मी गळ्यात होतो, कारण सापडली तर नीट फोटो काढायचे त्याने ठरवले होते. देवीदास नावाच्या कापडवाल्याच्या भिंतीवर आमचा कागद आधीपासून होताच.

देवीदास म्हणाला, "काली तो नहीं दिखी भैया. एक भूरी आई थी, नाक आधी गुलाबी. दो दिन यहीं गद्दी पर सोई. मैंने फोटो से मिलाया भी, पर वो ये नहीं थी. अभनपुर का एक धान वाला चूहों के लिए माँग रहा था, तो दे दी."

नीलेशने मला मुठीत इतके घट्ट धरले की माझा पट्टा करकरला. गादी त्या कागदाच्या बरोबर खाली होती.

तो तसाच घरी आला आणि आत्यांना घेऊन जवळच्या अभनपूरला गेला. धान्यवाला भला माणूस होता. "हव, आए रिहिस बिलई," तो इथल्या बोलीत म्हणाला, "फेर भाग गे." आली होती, पण पळून गेली. आत्यांनी पोत्यांच्या थप्प्यांमधून, मग शेताच्या बांधावरून खुर्मीला मराठीत हाका मारल्या. गळा बसेपर्यंत मारल्या. मला फार वाईट वाटत होते. अंधार पडल्यावर आम्ही परत आलो.

खुर्मी नंतर मिळाली नाही.

मी बरेच दिवस कपाटात होतो. एका सकाळी आत्यांनी मला बाहेर काढून नीलेशच्या हाती दिले. खुर्ची खिडकीसमोर ओढली आणि उजेडाकडे तोंड करून बसल्या.

"तिचा तर राह्यला नाही. माहा एक ठेव."

त्यांचे हात मांडीवर होते, मधे मांजरीपुरती जागा सोडून. नीलेशने बटण दाबले आणि बराच वेळ मान खाली घालून माझ्याकडे पाहत राहिला.

"दिसते का रे चेहरा?" आत्यांनी विचारले.

त्याने मान वर केली. मग तो म्हणाला, "हो आत्या. दिसून राहिला."

मराठीतली ती ओ ऐकून आत्यांनी झटकन त्याच्याकडे पाहिले. तो फोटो मात्र कोणी काढला नाही.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटात आहे. सेल जुना झाला आहे, फार दिवस टिकायचा नाही. तुमच्या घरी जे कोणी असेल, मांजर असो की माणूस, त्याला एकदा उजेडाकडे तोंड करून बसवा. फोटो साधा येईल. साधा म्हणून पुसू नका.