घोड्यावरची मावशी

माझी मावशी तरुणपणी एका सिनेमात नायिकेच्या जागी घोडा दौडवत होती. घरात कुणालाच ते खरं वाटत नसे. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, तर उघड हसायचे. दाखवणार कसं? कंपनीने तो सिनेमा कुलपात ठेवला होता.

यंदा त्याच्या कॉपीराइटची मुदत संपली आणि चित्रपट संग्रहालयाने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. रविवारी मी तो टीव्हीवर लावला. घोड्याने ओढ्यावरून झेप घेतली, वाऱ्याने केस मागे उडाले आणि मावशीचा चेहरा स्पष्ट दिसला.

काका ताडकन उठले. "अगं, ही खरंच तू!"

"मग काय थापा मारत होते?" मावशी खदखदून हसली. "परत लाव गं, आणि शेजाऱ्यांनाही बोलाव!"