दुसऱ्या नाताळाची ड्यूटी

"फेरीबोट पाण्यावर असते, चंद्रावर नाही. फोन तिथेही लागतो," बुटाची नाडी ओढत संध्या म्हणाली.

शिरीषने नवव्यांदा समजावलं, की सर्व्हर बंद पडला तर पाव तासात लॅपटॉपसमोर बसावं लागतं आणि फेरीतून उडी मारून घरी येता येत नाही. कोट घालून दारात ताटकळलेली अन्वी जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, की बाबाचं नेहमीचंच आहे. मायलेकी निघून गेल्या.

सव्वीस डिसेंबर, नाताळचा दुसरा दिवस. सगळं हॅम्बर्ग दुकानांना कुलपं लावून घरच्यांच्या तावडीत सापडतं. शिरीष मात्र ऑफिसच्या फोनच्या तावडीत. पहिल्या वर्षी या ड्यूटीसाठी हात त्यानेच वर केला होता. हिशोब अस्सल आपला होता: आपण यांचा नाताळ सांभाळला, की हे आपली दिवाळी सांभाळतील. तसं बोलून मात्र दाखवलं नाही. बोलायचं कशाला, समजायला नको? वर "आनंदाने करतो" असंही म्हणून बसला. जर्मन माणसांनी त्याच्या आनंदावर विश्वास ठेवला. तेव्हापासून नाताळचा फोनही शिरीषकडे आणि दिवाळीच्या मीटिंगाही शिरीषकडेच. यंदा लक्ष्मीपूजनाची आरती त्याने माइक बंद करून म्हटली होती.

फोन वाजला. मॅनेजर माटियास होता.

"काही बिघडलंय का?" त्याच्या आवाजात चक्क आशा होती. सासूबाईंनी कालचंच बदक गरम करून पुन्हा वाढलं होतं, आणि आता मेहुणा सहलीचे फोटो दाखवणार होता. काही बिघडलं असेल तर माटियास या क्षणी ऑफिसला धावायला तयार होता.

"काही बिघडलेलं नाही," शिरीष म्हणाला, आणि साठलेली सगळी चिडचिड बाहेर पडली. "मला हा दिवस कधीच नको होता. मी दिवाळीच्या सुट्टीसाठी करत होतो."

"मग मागितली का नाहीस?" माटियासने विचारलं. "म्हणजे, मला वाटायचं तूही घरच्यांपासून पळतोस. हेवा वाटायचा तुझा."

ड्यूटी त्याने तिथल्या तिथे स्वतःवर घेतली. पुढची दिवाळीही देऊन टाकली. इतकं सोपं होतं, याचाच शिरीषला जास्त संताप आला.

तो धापा टाकत धक्क्यावर पोचला, तेव्हा बोटीने नुकताच दोर सोडला होता. सुट्टीच्या गर्दीतही वरच्या डेकवर अन्वीची पिवळी टोपी दिसली. त्याने हाक मारली, हात उंच करून हलवला.

तिनेही हलवला. बाबा टाटा करायला आलाय, असं समजून. मग ती पलीकडच्या क्रेन बघायला वळली.

बोट लहान होत गेली तरी शिरीषचा हात वरच होता.